सांडलेले कोण उचलणार? : वाहक पट्ट्यांविषयी काही विचार

(शताब्दी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीची व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहाससंशोधन या विषयांना मानाचा पाट मिळावा, हे रीतीला धरूनच आहे. त्या पंक्तीत रबराच्या पट्ट्याला आणून बसवणे काही जणांना विपरीत वाटेल. परंतु ज्या गोव्यात तांबड्या खनिजाने दोन पिढ्यांचे संसार उभे केले आणि त्याच खनिजाने रस्ते, ओहोळ आणि शेते तांबडी करून सोडली, त्या गोव्यातील वाचकाला खनिज डोंगरावरून जहाजापर्यंत कसे पोहोचत होते हे जाणून घेण्याचे औत्सुक्य असणारच. खाणीवरचे वाद सर्वांनी ऐकले आहेत. माल हलवण्याच्या शास्त्राविषयी मात्र मराठीत फारसे बोलले जात नाही. आणि गंमत अशी की त्या वादांपैकी निम्म्यांचे मूळ या न बोललेल्या शास्त्रात सापडते.

माल सतत वाहून नेणारे यंत्र आपल्याला नवीन नाही. कुळागरातील रहाट हे असेच यंत्र. फिरणाऱ्या माळेला बांधलेले लोटे विहिरीत बुडतात, भरतात, वर येतात, पन्हळीत रिते होतात आणि रिकामेच खाली जातात. मराठी भाषेने या रहाटगाडग्याला संसाराच्या येरझाऱ्यांचे रूपक करून टाकले. त्यामुळे त्याच्या यांत्रिक गुणांकडे आपले थोडे दुर्लक्षच झाले. रहाट पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. लोटा वर येईपर्यंत पाणी फारसे सांडत नाही. ते सांडते अगदी वर, लोटा कलंडून पन्हळीत पाणी ओततो त्या जागी. कितीही निगुतीने बांधलेला रहाट असो, तेथून थोडे पाणी विहिरीत परत पडतेच. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा भार तिच्यावर आहे.

भातगिरणीत उभा दिसणारा पत्र्याचा किंवा लाकडी चौकोनी खांब म्हणजे दुसरे तिसरे काही नसून कोरड्या धान्याचा रहाटच होय. आत पट्ट्याला लहान वाट्या लावलेल्या असतात आणि त्या भात वरच्या मजल्यावर नेऊन टाकतात. साखर कारखान्याची गव्हाणही याच कुळातली. गळीत हंगामाच्या आरंभी गव्हाणीची पूजा होते, मान्यवर मोळी टाकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ते पाहणाऱ्या फार थोड्या वाचकांच्या मनात येते की ही गव्हाण म्हणजे उसाला चरकाकडे नेणारी साखळीची वाहक यंत्रणा आहे. पट्टा, साखळी, वाट्या, मळसूत्र अशी या यंत्रांची रूपे अनेक आहेत. त्या सर्वांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. राजमान्य ठरला तो पट्टा, म्हणून त्याच्यापुरतेच बोलणे इष्ट.

माल हातात न घेता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा, ही कल्पना कारखान्याच्या पातळीवर प्रथम अमलात आणणाऱ्यांत अमेरिकेतील ऑलिव्हर इव्हान्स याचे नाव घ्यावे लागते. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात डेलावेअर प्रांतातील ओढ्याकाठच्या पिठाच्या गिरणीत त्याने वाट्यांची माळ, मळसूत्र आणि पसरता पट्टा अशी यंत्रे एकापुढे एक जोडली. गहू एकीकडून आत जाई आणि पीठ दुसरीकडून बाहेर येई. मध्ये पोती वाहणारा माणूस उरला नाही. १७९० साली त्याला मिळालेला परवाना हा अमेरिकेतील तिसरा पेटंट परवाना होय. पुढल्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या माउंट व्हर्नन येथील गिरणीत ही यंत्रे बसवली. शेजारच्या गिरणीवाल्यांनी मात्र आरंभी इव्हान्सची थट्टाच केली.

पीठ हा मऊ माल आहे. दगड तसा नाही. दगड वाहणाऱ्या पट्ट्याची खरी गोष्ट सुरू होते ती १८९० नंतर, आणि तीही लोखंडाच्या खनिजापासूनच, हा योगायोग गोव्यातील श्रोत्यांना बोलका वाटावा. विजेच्या दिव्यामुळे जगप्रसिद्ध झालेले टॉमस एडिसन त्या काळी न्यू जर्सी प्रांतातील ऑग्डन येथे एका वेगळ्याच उद्योगात बुडाले होते. हलक्या प्रतीचा खडक चुरडून त्यातले लोहकण चुंबकाने वेगळे काढायचे, असा तो बेत होता. चुरडलेला खडक पट्ट्यांवरून जाई आणि कापडी पट्टे पाहता पाहता झिजून चिंध्या होत. टॉमस रॉबिन्स नावाचा तरुण तेथे पट्टे विकण्याच्या निमित्ताने येत असे. त्याने पाहिले की सुताच्या थरांवर बेतास बात रबर लावलेले असते आणि ते गेले की सूत उघडे पडून पट्टा संपतो. निरनिराळ्या पदार्थांवर वाळूचा फवारा मारून त्याने प्रयोग केले, तेव्हा कठीण पदार्थांपेक्षा मऊ रबरच जास्त टिकते असे आढळले. कठीण पदार्थ कणाशी झुंजतो आणि झिजतो. रबर वाकून कणाला परतवून लावते. पट्ट्याच्या वरच्या अंगाला जाड रबर आणि खाली तीन रोलर अशा रीतीने मांडायचे की पट्टा पन्हळीसारखा खोलगट व्हावा, ही त्याची रचना. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एडिसन यांचा खनिजाचा उद्योग मात्र तोवर मिनेसोटातील समृद्ध आणि स्वस्त खनिजापुढे टिकू न शकल्याने बंद पडला होता. कारखाना गेला आणि त्यातला पट्टा जगभर पसरला.

आता या पट्ट्याचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. दोन टोकांना दोन मोठी चाके, त्यांना पुली म्हणतात. त्यांवरून फिरणारा अखंड पट्टा. वरच्या बाजूला दर मीटर-सव्वा मीटरवर तीन रोलरांचा संच, खालून रिकामा परतणारा पट्टा तोलण्यासाठी तीनेक मीटरवर एकेक रोलर. या हिशेबाने एक किलोमीटर पट्ट्याखाली जवळजवळ तीन हजार रोलर फिरत असतात आणि प्रत्येकाला दोन बेअरिंगे असतात. चढाचीही मर्यादा असते. साधारण १६ ते १८ अंशांपलीकडे चढवले की खनिज मागे घरंगळू लागते. म्हणून २० मीटर उंच जायचे तर १६ अंशांच्या चढाने सुमारे ७० मीटर लांबी लागते. बंदरांवर आणि सिमेंटच्या कारखान्यांत लांबच लांब तिरक्या पत्र्याच्या गॅलऱ्या दिसतात, त्यांचे कारण हेच.

पट्टा ओढला जातो तो दाताने किंवा साखळीने नव्हे, केवळ घर्षणाने. हे कोडे नदीकाठच्या माणसाला सोडवून सांगावे लागत नाही. धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे तीन वेढे दिले की एकटा खलाशी एका हाताने भले मोठे गलबत थोपवून धरतो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांनी ताण अडीचशेपटींहून अधिक वाढतो. पट्ट्याला वेढा मिळतो तो जेमतेम अर्धा. पुलीवर रबर चढवलेले आणि कोरडे असेल तर ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या बाजूंच्या ताणांचे प्रमाण तीनास एक पडते. तीच पुली उघड्या लोखंडाची, चिखलाने माखलेली असेल तर ते दीडपटही राहत नाही. पुली फिरत राहते, पट्टा जागीच आणि घर्षणाची सारी शक्ती उष्णतेत जाते. पट्टा सैल पडू नये म्हणून त्याला एके ठिकाणी वजन टांगलेले असते. आडातली बादली दोराला ताण देते तसे हे वजन रात्रंदिवस पट्ट्याला ताण देत असते.

या साध्या रचनेचा पराक्रम आकड्यांतच दिसतो. तासाला ४,००० टन वाहणारा पट्टा घ्या. म्हणजे सेकंदाला ११०० किलोंहून थोडे अधिक. लोहखनिज एका घनमीटरला २.४ टन धरले आणि पट्टा सेकंदाला तीन मीटर धावतो असे धरले, तर पट्ट्यावरच्या मालाच्या राशीचा छेद फक्त ०.१५ चौरस मीटर भरतो. दारापुढच्या तुळशीवृंदावनाच्या माथ्याएवढाही नाही. एका पाटीत २० किलो माल धरला तर या पट्ट्याची बरोबरी करायला दर सेकंदाला ५५ पाट्या रित्या व्हाव्या लागतील. दहा टनी टिपरच्या भाषेत बोलायचे तर तासाला ४०० टिपर. आणि तो माल दहा मीटर वर चढवण्याच्या कामापुरती वीज लागते ती सुमारे ११० किलोवॅट.

पाटीचे उदाहरण कल्पनेतले नव्हे. गोव्यात विसाव्या शतकाच्या मध्यास खनिजाची निर्यात सुरू झाली तेव्हा कुदळ, फावडे आणि पाटी हीच यंत्रसामग्री होती. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. फळीवरून डुलत जाणाऱ्या त्या रांगेचे कौतुक छायाचित्रात करावे. मानेच्या मणक्यांना विचारले तर वेगळे उत्तर मिळेल. पट्ट्याने ते ओझे उतरवले, हे उपकार मोठेच. यंत्रावर टीका करताना ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

१९७९ साली मुरगाव बंदराच्या नवव्या धक्क्यावर यांत्रिक खनिज हाताळणी प्रकल्प सुरू झाला. बार्जमधून माल उपसणारी यंत्रे, तो आवारात रचून ठेवणारे स्टॅकर, बादल्यांच्या प्रचंड चाकाने रास पुन्हा उचलणारे रिक्लेमर आणि शेवटी जहाजाच्या पोटात माल सोडणारे दोन शिपलोडर. हे सारे पट्ट्यांनी जोडलेले होते आणि जहाज भरण्याची क्षमता तासाला ८,००० टन होती. त्या काळच्या देशी बंदरांत ही मोठीच मजल होती. डिचोली, सांगे, केपे या भागांतून निघालेले खनिज मांडवी आणि जुवारीवरच्या धक्क्यांपर्यंत ट्रकने येई, तेथून बार्जने मुरगावला. समुद्राकडच्या टोकाला पट्टा आला, डोंगराकडच्या टोकाला मात्र बहुतांशी ट्रकच राहिले.

या प्रवासात माल किती वेळा हातातून हातात गेला ते मोजून पाहावे. खाणीत फावड्याने उचलून टिपरमध्ये. टिपरमधून गाळणी-धुलाईच्या कारखान्यात. तेथून पुन्हा ट्रकमध्ये. ट्रकमधून नदीकाठच्या राशीवर. राशीवरून बार्जमध्ये. बार्जमधून मुरगावच्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून राशीवर, राशीवरून पुन्हा पट्ट्यावर आणि अखेर जहाजात. नऊ हस्तांतरे! आणि प्रत्येक ठिकाणी रहाटाच्या लोट्याचाच न्याय. गोव्याचे रस्ते तांबडे झाले ते धक्क्याच्या वाटेवर आणि नदीचे पाणी गढुळले ते प्रामुख्याने धक्क्यांपाशी आणि राशींच्या पायथ्याशी. नकाशावर तांबड्या डागांच्या जागा मांडल्या तर त्या हस्तांतरांच्या जागाच निघाव्यात. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालून मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. त्या निर्णयांची कारणे कायद्याची होती आणि त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. पण गावकऱ्यांच्या मनातील संतापाला धुळीचा रंग होता हे नाकारता येणार नाही.

वाहताना सांडत नाही, देताना सांडते. पट्ट्याच्या तंत्रातील नव्वद टक्के शहाणपण या एका अनुभवाभोवती फिरते. एका पट्ट्याच्या टोकावरून माल दुसऱ्या पट्ट्यावर पडतो त्या जागेला कारखान्यात ट्रान्सफर पॉइंट म्हणतात. वरून येणारा माल सेकंदाला तीन मीटर वेगाने हवेत झेप घेतो, पत्र्याच्या घसरणीतून, म्हणजे च्यूटमधून, खाली कोसळतो आणि खालच्या पट्ट्याला काटकोनात भेटतो. त्या पट्ट्याच्या दिशेने त्याचा वेग शून्य असतो. तो वेग घेईपर्यंत माल तेथे उसळतो, लोळतो, पट्ट्याला घासतो. मोठा दगड पडला की दोन रोलरांमधला पट्टा क्षणभर खचतो आणि कडेच्या रबरी झालरीखालून भुकटी निसटते. पडणारा प्रवाह आपल्याबरोबर हवाही ओढून आणतो. ती हवा कोठून तरी बाहेर पडणारच आणि पडताना बारीक धूळ घेऊनच पडते. वास्कोच्या नागरिकांनी कोळशाच्या भुकटीविषयी वर्षानुवर्षे तक्रार केली, २०१७ च्या जनसुनावण्यांत तो प्रश्न मोठ्या आवाजात मांडला गेला. बंदरातील कोळशाची धूळ उडते ती मुख्यतः उपसताना, रास रचताना आणि पट्टे बदलताना. झाकलेल्या पट्ट्याच्या मध्यावर उभे राहिले तर तेथे फारसे काही दिसणार नाही.

याखेरीज एक छुपी गळती असते. गोव्याचे खनिज चिकणमातीच्या संगतीत वाढलेले. ते ओलसर असले की पट्ट्याला पुरणासारखे चिकटते. टोकाच्या पुलीवर माल पडून गेला तरी एक पातळ थर पट्ट्यावर राहतो आणि परतीच्या वाटेवर, खालच्या प्रत्येक रोलरपाशी, थोडा थोडा गळत जातो. दिवसभरात पट्ट्याखाली लांबच लांब वरंबा तयार होतो. तो वाढत वाढत रोलरला टेकला की रोलर अडतो, अडलेला रोलर झिजून सुरीसारखा धारदार होतो आणि पट्टा कापू लागतो. पट्टा एका अंगाला सरकतो. एका अंगाला सरकलेला पट्टा आणखी माल सांडतो. दुष्टचक्र हा शब्द येथे अगदी शब्दशः लागू पडतो.

सांडण्याचे जगातील सर्वांत मोठे चित्र पाहायचे तर आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जावे लागेल. पश्चिम सहारातील बू क्रा येथील फॉस्फेटच्या खाणीपासून एल आयूनजवळच्या समुद्रापर्यंत सुमारे ९८ किलोमीटर लांबीची पट्ट्यांची मालिका स्पेनच्या अमलाखाली असताना, १९७० नंतरच्या वर्षांत, उभी राहिली. एकच पट्टा एवढा लांब करता येत नाही, म्हणून अनेक पट्टे एकापुढे एक जोडलेले आहेत. पुढे तेथे युद्ध पेटले आणि हल्ल्यांमुळे ती दीर्घकाळ बंदही राहिली. वाळवंटातील वारा पट्ट्यावरचे पांढरे फॉस्फेट उडवतो आणि ते एकाच अंगाला पसरत जाते. उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांत तपकिरी वाळूवर ही पांढरी रेघ स्पष्ट दिसते. यंत्र दिसत नाही, त्याने सांडलेले दिसते! आपल्याकडे मेघालयातील चुनखडी सीमा ओलांडून बांगलादेशातील छातक येथील सिमेंट कारखान्याला १७ किलोमीटर लांब पट्ट्याने जाते. २००६ पासून चाललेल्या या पट्ट्याने त्या डोंगराळ मुलखातील ट्रकांची रांग वाचवली, पण जंगलातील खाणकामाच्या परवानगीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये निकाली निघाला. पट्टा ट्रकचा प्रश्न सोडवतो, खाणीचा नाही, इतके त्यातून लक्षात यावे.

आतापर्यंत माती, दगड आणि धुळीच्या गोष्टी झाल्या. या सांडण्याचा दुसरा हिशेब माणसांचा आहे. २६ सप्टेंबर १९५० च्या पहाटे इंग्लंडमधील डर्बीशायरच्या क्रेस्वेल कोळसाखाणीत, जमिनीखाली, एका पट्ट्याचे रबर फाटले. फाटलेला भाग ट्रान्सफर पॉइंटपाशी च्यूटमध्ये अडकून गोळा झाला. फिरणाऱ्या यंत्राशी तो घासत राहिला, तापला आणि पेटला. आग ज्या वाटेवर लागली त्याच वाटेने खाणीत ताजी हवा जात होती. तीच हवा कार्बन मोनॉक्साइडचा विषारी धूर घेऊन आत गेली. आगीपलीकडे काम करणाऱ्यांपैकी ८० जण त्या धुराने मरण पावले. आग आटोक्यात येईना, म्हणून आत माणसे असताना खाणीतील आगीचा भाग बुजवण्याचा निर्णय घ्यावा लागला. बऱ्याच मृतदेहांना बाहेर काढण्यास कित्येक महिने लागले. त्यानंतर ब्रिटनच्या खाणींत सहजासहजी न पेटणाऱ्या पट्ट्यांचा आग्रह सुरू झाला आणि पुढे तो जगभर पसरला. तरीही १९ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातील ॲराकोमा खाणीत पट्टा वाकडा धावून घासल्याने आग लागली आणि दोन खाणकामगार दगावले. पंचावन्न वर्षांचे ज्ञान हाताशी असूनही.

एवढे मोठे अपघात इतिहासात नोंदले जातात. नोंदले जात नाहीत ते एकेकट्या माणसाचे. पट्ट्याने डोक्यावरची पाटी उतरवली खरी, पण पट्ट्याखाली सांडलेले उचलणारा माणूस उरलाच. त्याच्या हाती फावडे आणि घमेले. तो बहुधा कंत्राटी असतो आणि त्याच्याइतका पट्ट्याच्या जवळ दुसरा कोणी जात नाही. अभियंता गॅलरीतून चालत जातो, चालक काचेआडच्या खोलीत बसतो. शेपटीच्या पुलीपाशी वाकून फावडे घालतो तो हाच. रोलर आणि पट्टा जेथे एकमेकांना भेटतात तेथे चिमटा तयार होतो. माणसाला धोका कळून हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्यात पट्टा दीड मीटर पुढे गेलेला असतो. फावडे प्रथम ओढले जाते. फावडे हातातून सोडून द्यावे हे सुचण्याच्या आत हात त्याच्यामागे गेलेला असतो. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आणीबाणीची दोरी असते, ती ओढली की वीज तुटते. पण शेकडो टन वजनाचे हे धूड वीज तुटली म्हणून जागच्या जागी थांबत नाही, काही सेकंद धावतच राहते. दोरी बघ्याला वाचवते, ज्याचा हात आत गेला त्याला नव्हे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात चालत्या यंत्राला कुंपण हवे अशी तरतूद होती. शक्तिसंक्रमणाच्या चालत्या यंत्रसामग्रीची साफसफाई, तिला तेल घालणे अशी कामे स्त्रियांना आणि किशोरवयीन कामगारांना देण्यास त्यात मनाई केली होती. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत काही अटींवर सूट होती. सामर्थ्यवान माणूस सावधगिरी बाळगेल, असा त्यामागचा विश्वास असावा. परंतु धोका माणसाच्या शक्तीत नसून पट्ट्याच्या वेगात असतो, आणि पट्टा स्त्रीपुरुष भेद करीत नाही.

चालत्या पट्ट्याखाली फावडे का घातले जाते? कामगार अडाणी म्हणून नव्हे. तासाला ४,००० टन वाहणारा पट्टा दहा मिनिटे थांबला तर साडेसहाशेहून अधिक टन माल जहाजात जायचा राहतो. धक्क्यावर जहाज उभे असते, त्याच्या भाड्याचा आणि डेमरेजचा आकडा कार्यालयातील फळ्यावर चढत असतो. पाळीवरच्या मुकादमाने थांबवण्याचा हुकूम मागावा कोणाकडे आणि किती वेळा? त्यापेक्षा "जरा सांभाळून घे" असे सांगणे सोपे. अपघाताच्या चौकशीत पुढे "निष्काळजीपणा" हा शब्द येतो. तो निष्काळजीपणा फळ्यावरच्या आकड्यातून आलेला असतो हे चौकशीच्या कागदात क्वचितच लिहिले जाते.

यावरचे उपाय विशेष गूढ नाहीत. मालाचा प्रवाह आपटू न देता वक्र घसरणीतून वळवून खालच्या पट्ट्याच्या दिशेनेच त्यावर सोडला तर उसळी आणि धूळ दोन्ही कमी होतात. काही ठिकाणी घसरणीत मुद्दाम कप्पा ठेवतात. तेथे माल साचतो आणि पुढचा माल पत्र्यावर न आपटता मालावरच आपटतो. दगडाला दगडच झेलतो. टोकाच्या पुलीला खरवडणी लावली तर चिकटलेला थर तेथेच पडतो. पण खरवडणीची धार महिनोन् महिने कोणी बदलली नाही तर ती शोभेपुरती उरते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच होते. पट्ट्याला आडव्या वळणात वाकवता आले तर मधला हस्तांतराचा बिंदूच वगळता येतो, आणि गेल्या काही दशकांत अशी वळणे सर्रास घेतली जातात. जपानमध्ये पट्ट्याला गुंडाळून नळीसारखा करण्याची युक्ती निघाली. माल पोटात, पट्टा भोवती, वाऱ्याला उडवायला काही सापडतच नाही. अनेक सिमेंट आणि वीज प्रकल्पांनी ती स्वीकारली. आणि शेपटीची पुली जमिनीपासून हातभर वर उचलून खाली मोकळी जागा सोडली, तर सांडलेले बाहेरूनच लांब दांड्याने ओढता येते. या शेवटच्या उपायाला पैसा जवळजवळ लागत नाही, लागतो तो आराखडा काढताना. एकदा काँक्रीट पडले की वाकणारा माणूस पुढची तीस वर्षे वाकतच राहतो.

पट्ट्यावरचे जुने जाणते कामगार कानाने काम करतात. गॅलरीतून सकाळी एक फेरी मारताना तीन हजार रोलरांच्या घरघरीतून एकाच बेअरिंगची कुरकुर त्यांना वेगळी ऐकू येते, आणि ते खडूने त्या जागी फुली मारून पुढे जातात. आता पट्ट्याच्या कडेने प्रकाशतंतूची तार टाकून ती कुरकुर यंत्राने ऐकण्याची सोय झाली आहे. तारेने फुली मारली तरी रोलर बदलायला माणूसच जावा लागतो. त्या वेळेसाठी चांगल्या कारखान्यांत एक रीत पाळली जाते. पट्टा थांबवायचा, स्विचला कुलूप लावायचे. कुलूप ज्याचे त्याचे, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. चार जण खाली उतरणार असतील तर चार कुलुपे. मग वजनाने ताणलेला पट्टा आपोआप सरकू नये म्हणून तो बांधायचा, चालू करण्याचे बटण एकदा दाबून खरोखर बंद आहे ना हे पाहायचे आणि त्यानंतर फावडे उचलायचे. काम संपल्यावर चौथ्या माणसाने आपले कुलूप काढेपर्यंत कोणाच्याही हुकुमाने तो पट्टा चालू होत नाही, धक्क्यावर जहाज असो वा नसो.